भरलेल्या प्रयोगवहीबाईंस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती भरलेली प्रयोगवहीबाई,
मुक्काम लोखंडी कपाट, वरून दुसरा कप्पा, विज्ञानाची खोली.



यंदाही दहावीचं प्रॅक्टिकल आमच्या भागात निर्विघ्न पार पडलं. ना कुणाची परीक्षानळी फुटली, ना कुणाचा आकडा चुकला, ना कुणाला एखादा प्रश्न पडला. आता निकाल लागला की चौकात फलक लागतील, पहिल्या आलेल्या पोरीला पेढा भरवतानाचा फोटो निघेल, सरांना शाल-श्रीफळ मिळेल. आणि जिच्या जिवावर हे सगळं घडलं ती तुम्ही मात्र खाकी कव्हरात, कोपरे दुमडून, पुढच्या बॅचची वाट बघत बसाल. ही कृतघ्नता बघवेना, म्हणून पवनी तालुक्यातल्या आसगावातून (चौ.) हे जाहीर सत्कारपत्र धाडतो आहे. हार-तुऱ्यांचा खर्च वाचवला, तेवढा समजून घ्यावा.

वाचकांपैकी कुणाला तुमची ओळख नसेल (मग तो दहावी कसा झाला, हा वेगळा चौकशीचा विषय), तर थोडक्यात परिचय. आदल्या वर्षीच्या हुशार मुलीची, सुवाच्य अक्षरातली, पानोपानी लाल सही झालेली प्रॅक्टिकलची वही, म्हणजे आपण. डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीची आकृती आणि निरीक्षणाचा तक्ता, उजव्या रेघांच्या पानावर उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष आणि दक्षता. जानेवारी उजाडला की आपण कपाटातून निघता आणि या घरून त्या घरी मुक्काम करत फिरता. एका रात्रीत चार वह्या भरून होतात. ज्यांच्या घरी आपले पाय लागत नाहीत, त्यांच्यासाठी बाजारात तुमच्या छापील बहिणी मिळतातच.

आता तुमच्या कर्तृत्वाकडे वळतो.

तुमचं पहिलं मोठेपण म्हणजे तुमच्या राज्यात निसर्ग कधी चुकत नाही. काचेच्या चिपेतून प्रकाशाचं अपवर्तन हा प्रयोग घ्या. एका शाळेत तो चालू असताना मी बघत होतो, शाळेचं नाव सांगत नाही. एका चिपेभोवती डझनभर पोरं. कागदावर चिपेची कड आखलेली, अलीकडे दोन टाचण्या टोचलेल्या. एक पोरगा टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून, एक डोळा मिटून, काचेपलीकडून त्या टाचण्या एका रेषेत आणायच्या खटपटीत. जीभ दातांखाली. पाच मिनिटांनी त्यानं त्याच्या बाजूच्या दोन टाचण्या टोचल्या, रेघा जोडल्या, कोनमापक ठेवला. आपाती कोन ४०, अपवर्तित कोन २७. साइनचा तक्ता बघून भागाकार केला. अपवर्तनांक आला १.४२.

शेजारच्यानं तुमचं पान उघडलं. तिथं १.५२ होता, अपवर्तित कोन २५. मग काय, खोडरबर निघालं, २७ चे २५ झाले, कागदाचा भुगा फुंकरीनं उडाला आणि विज्ञानाची अब्रू वाचली.

बाई, तुमच्यामुळे त्या पोराचं किती मोठं नुकसान टळलं, याची तुम्हाला कल्पना नसेल. नाहीतर त्यानं विचारलं असतं की माझ्या हातून झालेली चूक केवढी? मग सरांनी त्याला फळ्यावर मांडून दाखवावं लागलं असतं की आपाती कोन ४० असताना दुसरा कोन २५ वाचला तर उत्तर १.५२ येतं, २६ वाचला तर १.४७ आणि २७ वाचला तर १.४२. म्हणजे कोनमापकावर एका अंशाची गफलत झाली की उत्तर पाच शतांशांनी सरकतं. आणि दीड रुपयाच्या टाचणीची जाडी, पेन्सिलीचं टोक, डोळा कुठं धरला हे सगळं मिळून एक अंश कधी जातो ते कळतसुद्धा नाही. मग वर्गातल्या डझनभर पोरांचे डझनभर आकडे फळ्यावर लिहावे लागले असते. कुणाचा १.४२, कुणाचा १.५८. त्यांचं मध्य काढावं लागलं असतं, मध्यक काढावा लागला असता, एखादा आकडा फारच लांब का गेला त्याचा पाठपुरावा झाला असता. आणि सांख्यिकी हे प्रकरण पुस्तकात कशासाठी आहे, ते त्या दिवशी वर्गाला समजलं असतं. केवढा गहजब! तुम्ही एका खोडरबरात सगळं मिटवलंत.

हेच तुमचं दुसरं मोठेपण. गणित आणि विज्ञान यांची गाठ तुम्ही पडू दिली नाहीत.

मोजलेला आकडा वाकडा येतो, म्हणून गणित लागतं. सगळे आकडे आधीच सरळ असले तर गणिताला काय काम? ते आपलं गणिताच्या तासाला, स्वाध्यायाच्या पानावर, काल्पनिक दुकानदाराच्या काल्पनिक नफ्यात गुंतून राहतं. आमच्या दहावीच्या पोराच्या दप्तरात गणिताची दोन पुस्तकं असतात आणि विज्ञान-तंत्रज्ञानाची दोन. एकाच घरात राहून बोलणं टाकलेल्या जावांसारखी ती वर्षभर पाठीला पाठ लावून नांदतात. गणित भाग दोन समरूपतेनं सुरू होतं. विज्ञान भाग एकमध्ये भिंगांचं प्रकरण आहे आणि भिंगाचं सूत्र ज्यातून निघतं ते समरूप त्रिकोण त्याच आकृतीत डोळ्यांसमोर असतात. पण पोरगा समरूपता जूनमध्ये पाठ करतो, भिंगाचं सूत्र त्यानंतर काही महिन्यांनी पाठ करतो आणि दोघांचं नातं त्याला आयुष्यात कळत नाही.

गुरुत्वाकर्षणाचंही तेच. दगड सोडला, तर हवेचा अडथळा सोडून दिल्यास पहिल्या सेकंदात तो ४.९ मीटर पडतो, दुसऱ्यात १४.७, तिसऱ्यात २४.५. प्रत्येक वेळी फरक ९.८. म्हणजे अंकगणिती श्रेढी, आणि तिचा सामान्य फरक तोच, जो विज्ञानाच्या पुस्तकात g या नावानं बसलेला आहे. ही गोष्ट सांगितली तर पोरगा श्रेढीचं प्रकरण विसरेल कशाला? पण विसरला नाही तर क्लासला कशासाठी जाईल? त्यामुळे आपण गप्प राहिलात ते गावाच्या अर्थव्यवस्थेच्या दृष्टीनं बरंच झालं.

तुम्ही थोडं आधी जन्मायला हव्या होतात, असं मात्र कधीकधी वाटतं. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले नावाचे एक गृहस्थ नायट्रोजनचं वजन करत बसले होते. हवेतून मिळवलेला नायट्रोजन आणि रासायनिक संयुगांतून मिळवलेला नायट्रोजन यांची घनता जुळेना. फरक अर्ध्या टक्क्याचा. तुमच्या पानांत असला फरक म्हणजे काहीच नाही, खोडरबराचा एक हलका हात. पण त्या माणसाकडे आदल्या वर्षीची वही नव्हती. तो पुन्हापुन्हा मोजत राहिला, फरक पुन्हापुन्हा येत राहिला. शेवटी रॅले आणि विल्यम रॅमसे यांनी १८९४ मध्ये जाहीर केलं की हवेत आजवर कुणाला ठाऊक नसलेला एक वायू आहे. तो आर्गॉन. आपण सगळे श्वासागणिक जी हवा घेतो तिच्यात तो जवळपास एक टक्का आहे. या अर्ध्या टक्क्यापायी १९०४ साली दोघांनाही नोबेल मिळालं. आमच्या पोरांना आवर्तसारणीत आर्गॉन अठराव्या गणात पाठ करावा लागतो. तुम्ही रॅलेच्या टेबलावर असतात, तर आमच्या पोरांचं एक मूलद्रव्य तरी कमी झालं असतं.

आता आमच्या गावाकडे या. तुमच्या कृपेचा खरा विस्तार इथं दिसतो.

आसगाव हे चौरास पट्ट्यातलं गाव. वैनगंगेच्या काठचा भाग, धानाचा मुलूख. जुलैत बांध्यांमध्ये चिखल होतो, पऱ्हे उपटून रोवणी होते. शेतात पंप आहेत, तालुक्यात जुने मालगुजारी तलाव आहेत, बोड्या म्हणजे छोटी तळी आहेत आणि तालुक्याच्या हद्दीत गोसीखुर्दचं ३३ दरवाज्यांचं धरण आहे. दुसरीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचं अभयारण्य. एवढी मोठी प्रयोगशाळा सरकारी निविदा काढून उभी करायची म्हटली असती, तर तिचीही किंमत गोसीखुर्दच्या अंदाजपत्रकासारखी दर काही वर्षांनी वाढत गेली असती. इथं ती फुकट आहे. आणि आमची पोरं तिच्याकडे पाठ करून, दार लावून, तुमच्यातलं "निरीक्षण" उतरवून काढत असतात.

ऑगस्ट आला की प्रत्येकाच्या मोबाईलवर संदेश येतो. धरणाचे इतके दरवाजे अर्ध्या मीटरनं उघडले, विसर्ग इतके क्युमेक, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं. घरोघरी वाचला जातो. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर, हे दहावीतल्या किती पोरांना सांगता येईल? आणि हजार क्युमेक पाणी शाळेचं पटांगण किती वेळात गुडघाभर बुडवेल, हे कुणी कधी काढून बघितलं? पटांगणाचं क्षेत्रफळ काढा, गुडघ्याची उंची मोजा, घनफळ काढा, भागा. महत्त्वमापन, नदी आणि नागरिकशास्त्र एका गणितात. पण त्याचं उत्तर तुमच्या कुठल्याही पानावर नाही, त्यामुळे तो प्रश्न अस्तित्वातच नाही.

पावसाचं बघा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते एक लिटर पाणी. आमच्या जिल्ह्यात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पडतो. शाळेचं छत ३०० चौरस मीटर धरलं तर वर्षभरात त्यावरून ३ लाख ९० हजार लिटर पाणी वाहून जातं, आणि मार्चमध्ये त्याच शाळेत पोरं घरून बाटल्या भरून आणतात. हा हिशेब सातवीतल्या पोराला जमतो. पण एकदा जमला की पुढचा प्रश्न येतो : मग ते पाणी जातं कुठं? हा प्रश्न ग्रामसभेत जाऊ शकतो. तो वेळीच रोखल्याबद्दल ग्रामपंचायतीच्या वतीनंही आपले आभार.

आमचे मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलाव तर तुमच्या दृष्टीनं फारच धोकादायक. कोहळी मंडळींनी गोंड राजवटीत बांधलेले. पुढं मालगुजारांच्या नावावर गेले, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव मागे राहिले. पाळीचा उतार किती ठेवायचा, सांडवा कुठल्या पातळीवर काढायचा, कुठल्या बांधीला पाणी आपोआप पोचेल, हे त्या माणसांनी ठरवलं आणि तलाव कित्येक पिढ्या टिकले. त्यांच्याकडे प्रॅक्टिकलची वही नव्हती, म्हणूनच त्यांना ते जमलं असावं. त्याच तलावांत कमळं फुलतात. भास्कराचार्यांनी ११५० साली "लीलावती"त एक गणित घातलं आहे : कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात, वाऱ्यानं ती कलली आणि मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडाली, तर पाणी किती खोल? पायथागोरसच्या प्रमेयानं उत्तर येतं पावणेचार हात. आमच्या पोरांना हे गणित सोडवायला पुस्तकसुद्धा लागू नये. पाळीवर उभं राहायचं, देठ ताणून बघायचा, मग बांबू उतरवून खोली पडताळायची. बांबूचं उत्तर आणि प्रमेयाचं उत्तर जुळणार नाही, कारण देठ सरळ नसतो आणि तळाला गाळ असतो. आणि त्या न जुळण्यातूनच तलावात गाळ किती साचलाय, हा गावाच्या कामाचा आकडा हाती लागेल. तुम्ही मात्र "आकृती पेन्सिलीनं काढावी" एवढ्यावर पोरांना सुरक्षित ठेवता.

आणि धान. ऑक्टोबरात तुडतुडा पडला की चुडामागे (धानाच्या ठोंबामागे) तुडतुडे मोजून मगच फवारणी करा, असं कृषी विद्यापीठ सांगतं. पण अख्ख्या बांधीत कुठले चूड मोजायचे? धुऱ्याजवळचे मोजले तर आकडा एक येतो, मधले मोजले तर दुसरा. किती चूड मोजले की भरवसा ठेवायचा? हा नमुना निवडण्याचा प्रश्न आहे, संख्याशास्त्राचं सगळं मर्म त्यात आहे, आणि त्यावर एका एकराच्या औषधाचा खर्च अवलंबून आहे. ज्याच्या बापानं परवा कृषी केंद्रवाल्याच्या सांगण्यावरून फवारणी केली, तो पोरगा शाळेत सांख्यिकीच्या तासाला कुठल्याशा काल्पनिक कारखान्यातल्या काल्पनिक कामगारांच्या पगाराचं मध्य काढत असतो. तेही तुमच्याच मदतीनं, कारण गणिताचा गृहपाठही तुमच्या धाकट्या बहिणीकडूनच येतो.

तुमच्याविरुद्ध बंड करणारे निघाले नाहीत असं नाही. पण त्यांचं पुढं काय झालं हे बघितलं की तुमच्या चिवटपणाला दाद द्यावी लागते.

आमच्यापासून फार लांब नाही, वर्ध्यात, १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. पुढं झाकीर हुसेन समितीनं नई तालीमचा आराखडा केला. टकळी, कापूस, शेती या कामांतूनच गणित, निसर्गविज्ञान, भूगोल शिकवायचा. त्याला समवाय पद्धती म्हणत. सूत किती निघालं, पीळ किती, तुटलं किती वेळा, याचा हिशेब पोरं स्वतः ठेवत. देशभर गाजली, देशभर विरली. सेवाग्रामच्या आवारात ती शाळा पुन्हा उभी राहिली आहे, पण बाकीच्या महाराष्ट्राला नई तालीम आता डी.एल.एड.च्या प्रश्नपत्रिकेत "टीपा लिहा" यापुरती उरली. तीही तुमच्याच घराण्यातल्या कुठल्यातरी वहीतून उतरवली जाते.

मग सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशातलं होशंगाबाद. १९७२ मध्ये १६ उच्च प्राथमिक शाळांपासून विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. प्रयोगाची पेटी पोरांच्या हातात, निरीक्षण पोरांचं, आकडे पोरांचे. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा, कारण उतरवून काढण्यासारखं त्यात उत्तरच नव्हतं. "बाल वैज्ञानिक" या त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात संभाव्यतेचं प्रकरणही होतं. पोरांना शंका आली की ती सवालीराम नावाच्या एका काल्पनिक माणसाला पत्र लिहीत, आणि उत्तर येत असे. आमच्या अरविंद गुप्तांची काडेपेटीच्या काड्यांची नि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबची खेळणी त्याच मातीत जन्मली. हा कार्यक्रम शेकडो शाळांत पोचला आणि २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं तो बंद केला. तीस वर्षं टिकला. तुम्ही त्याच्या आधीही होतात आणि नंतरही आहात.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. शाळा सोडलेली पोरंसुद्धा तिथं जमिनीच्या विद्युतरोधावरून पाणी कुठं लागेल याचा अंदाज घ्यायला शिकली. ओहमचा नियम विहिरीच्या कामाला लागला. आमच्या चौरासात दर उन्हाळ्यात शेतकरी नारळ हातात धरून पाणी दाखवणाऱ्याला बोलावतो, आणि त्याचा पोरगा तुमच्यातला ओहमच्या नियमाचा तक्ता उतरवतो. तीन निरीक्षणं, तिन्हींत रोध तंतोतंत ५ ओहम. इतका अचूक रोध जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला परवडत नाही. आम्हाला परवडतो.

आता ताजी बातमी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं विषयांमधल्या भिंती पाडायचं ठरवलं. आम्ही खूश झालो. म्हटलं, आता प्रयोगवहीबाई निवृत्त होणार. पण तुम्ही कसल्या निवृत्त होता! तुम्हाला कन्यारत्न झालं : "आंतरविद्याशाखीय उपक्रम अहवाल". रंगीत कव्हर, पहिल्या पानावर उद्दिष्टं, मग चार फोटो. फोटोत फलक दिसला पाहिजे, पोरं दिसली नाहीत तरी चालेल. शेवटी "विद्यार्थ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढीस लागला" हा निष्कर्ष, जो उपक्रमाच्या आधीच टाइप करून ठेवलेला असतो. आईचे संस्कार लपत नाहीत.

तुमच्या साथीदारांची नावं घ्यायची तर यादी लांबेल. पण त्यात शिक्षकाचं नाव मी घालणार नाही. ज्याच्या वर्गात साठ-सत्तर पोरं, हाताशी काचेच्या दोन चिपा, तास पस्तीस मिनिटांचा आणि वर निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं, त्यानं तुमचा आधार घेतला तर त्याला दोष कोण देणार? तुम्ही त्याच्या अडचणीतून वाढलात. अडचण खरी आहे. पण तुम्ही तिच्यावर उपाय नाही, तुम्ही तिला झाकायचं कव्हर आहात, आणि म्हणूनच अडचण कुणाला दिसत नाही. प्रत्येक शाळेतून १.५२ येत असेल, तर चिपा कमी आहेत हे वर कुणाला कळणार? पोरांच्या वहीत "चिप फुटलेली होती, म्हणून कोन नीट वाचता आला नाही" असं एक वाक्य जरी खरं लिहिलं गेलं असतं, तरी ते शंभर अर्जांपेक्षा जास्त बोललं असतं. माझा तुमच्यावरचा खरा राग इथं आहे, बाई. तुम्ही पोरांना खोटं बोलायला शिकवलंत, आणि तेही विज्ञानाच्या तासाला.

तेव्हा आता गावातर्फे तुम्हाला ही नोटीस.

आम्हाला नवी प्रयोगशाळा नको, नवा शासन निर्णय नको. दहावीत गणिताचे २० आणि विज्ञानाचे २० गुण शाळेच्या पातळीवर दिले जातात. हे ४० गुण आजही आहेत. मागणी एकच : निरीक्षणाच्या रकान्यात पोरानं स्वतः मोजलेलाच आकडा लिहायचा, कितीही वाकडा असला तरी. गुण आकडा बरोबर आला म्हणून नाहीत; आकडा तसा का आला असावा, हे दोन वाक्यांत सांगितलं त्याला गुण. १.४२ आला? कोन पुन्हा वाचून बघितलास का, किती जणांचा किती आला, मध्य कितीवर गेला, तो सांग. गणिताच्या सरांनी तोच तक्ता त्यांच्या तासाला घ्यायचा. वही एकच, सह्या दोन.

सुरुवात साधीच करू. २३ सप्टेंबरच्या आसपास दिवस-रात्र सारखी असते. त्या दिवशी घड्याळात बारा वाजून गेल्यावर काही मिनिटांनी, सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा, पटांगणात उभ्या रोवलेल्या एक मीटरच्या काठीची सावली आमच्याकडे ३८ सेंटिमीटरच्या आसपास पडायला हवी. सावली भागिले काठी, तो टॅन. टॅनवरून कोन काढला की साधारण पावणेएकवीस अंश येतात, आणि तोच आसगावचा अक्षांश. त्रिकोणमिती, भूगोल आणि खगोल, खर्च एका काठीचा. कुणाची ३६ येईल, कुणाची ४१, कारण काठी कलली असेल किंवा पटांगणाला उतार असेल. चाळीस पोरांचे चाळीस आकडे आम्ही शाळेच्या भिंतीवर लावणार आहोत, एकही न खोडता, आणि खाली कोणाची काठी का चुकली तेही. ढग आले तर दुसऱ्या दिवशी.

आपणास रीतसर निमंत्रण आहे. मात्र येताना रिकाम्या या.

आपला,
एक आसगावकर पालक
आसगाव (चौ.), ता. पवनी, जि. भंडारा

ता. क. : सूर्य नेमका डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होण्याचा दिवस आमच्याकडे मे महिन्याच्या अखेरीस येतो, तेव्हा शाळेला सुट्टी असते, दुसऱ्यांदा तो जुलैत येतो, तेव्हा आभाळ भरलेलं असतं. सूर्याचंही आपल्याशी काही संधान आहे का, ते उलट टपाली कळवावं.